गोठ्याला रविवार नसतो



मी सैन्यातून कर्नल म्हणून २०१२ साली निवृत्त झालो. सहा वर्षं पुण्यात फ्लॅटमध्ये काढली आणि २०१८ साली आम्ही नवरा-बायको मध्य प्रदेशात, महूपासून वीस-बावीस किलोमीटरवरच्या एका खेड्यात राहायला आलो. माझी पत्नी इंदूरची. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी एक तिचं माहेर, त्यामुळे हा मुलूख आम्हाला परका नव्हता. दोन वर्षांनी मुलगा, सूनबाई आणि तेव्हा चार वर्षांची असलेली नात बंगळुरूहून आले. टाळेबंदीमुळे आले होते, ते राहिलेच. आज आमच्या सहा एकरांत चार माळवी गायी, तीन मुऱ्हा म्हशी, वीस-बावीस सिरोही शेळ्या आणि साठेक कडकनाथ कोंबड्या आहेत.

तुमच्यापैकी काही जण बडोद्यात असतील, काही हैदराबादेत, काही ग्वाल्हेरात. पण आम्हाला भेटायला येणारे लोक, मग ते निवृत्त असोत की तिशीतले, एकच प्रश्न विचारतात: "आम्हीही असं करावं का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर मी देत नाही. या सात वर्षांत आमचं घर काय काय शिकलं तेवढं सांगतो, निर्णय तुमचा तुम्ही घ्या.

वेळेचा धडा

जनावराच्या पोटात घड्याळ असतं. पहाटे साडेचारला दूध काढायचं ठरलं की ते दिवाळीला साडेचार, घरात पाहुणे असताना साडेचार आणि अंगात ताप असला तरी साडेचार. सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारेत साधारण बारा तासांचं अंतर राहिलं की कास नीट भरते, नीट रिकामी होते. आज पाचला, उद्या सातला असं केलं की दूध कमी होतं आणि गाय अस्वस्थ होते. धार काढणारा माणूस बदलला तरी काही गायी पान्हा चोरतात.

म्हणून आमच्याकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर ड्युटीचा तक्ता लागतो. घरातल्या चार मोठ्या माणसांपैकी दोन जणांनी कायम शेतावर असायचं, हा नियम. ग्वाल्हेरला पत्नीच्या भाचीचं लग्न होतं तेव्हा दोघी गेल्या, आम्ही दोघे राहिलो. नातेवाईक रुसले. आता त्यांनाही सवय झाली आहे. गोठ्याला रविवार नसतो हे ज्या घराला मनापासून मान्य नाही, त्या घराने जनावरं घेऊ नयेत.

सैन्यात माझी काही वर्षं खेचरांच्या तुकडीबरोबर गेली. डोंगरात जिथे गाडी जात नाही तिथे आजही खेचरं सामान वाहतात. तिथला रिवाज असा की मुक्कामाला पोहोचल्यावर आधी खेचरांची पाठ मोकळी करायची, त्यांना पाणी आणि दाणा द्यायचा, मग जवानांचं जेवण आणि सगळ्यात शेवटी अधिकाऱ्याचं. सूनबाईला मी हे एकदाच सांगितलं. तिने ते चहाला लावलं. जनावरांना पाणी दाखवल्याशिवाय आमच्या घरात पहिला चहा होत नाही.

बघण्याचा धडा

फौजेत जवान आजारी पडला की सकाळी सिक परेडला येतो आणि "साहेब, पोट दुखतंय" म्हणून सांगतो. गाय सांगत नाही. कळपात राहणारं जनावर दुखणं लपवतं, कारण रानात अशक्त दिसणाऱ्यावर वाघाची नजर आधी जाते. गोठ्यात वाघ नाही, पण स्वभाव तोच राहिला. त्यामुळे दुखणं दिसायला लागतं तेव्हा बऱ्याचदा एक-दोन दिवस उलटलेले असतात.

आमच्या शेजारी एक वयोवृद्ध शेतकरी आहेत. गावात सगळे त्यांना बा म्हणतात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं: सकाळी हातात बादली न घेता एक फेरी मारायची. बादली दिसली की सगळी जनावरं खाण्याच्या आशेने उठतात आणि आजारी कोण ते कळत नाही. रिकाम्या हाताने गेलं की खरं चित्र दिसतं.

या फेरीत काय बघायचं? नाकपुडी ओलसर आहे का. कान खाली पडलेत का. विसावलेली गाय रवंथ करते आहे का. शेण पातळ आहे की खडे झालेत. गव्हाणीत कालचा चारा उरलाय का आणि कोणापुढे उरलाय. रोजच्या जागेपासून दूर, एकटं कोण उभं आहे. शंका आली तर थर्मामीटर लावायचा. गायीचं तापमान साधारण १०१ ते १०२ फॅरेनहाइट असतं, शेळीचं थोडं जास्त. हे सगळं दहा मिनिटांत होतं.

आमची नात वयाच्या सहाव्या वर्षापासून माझ्याबरोबर ही फेरी मारते. एकदा ती म्हणाली, "आजोबा, यमी आज तोंड हलवत नाहीये." यमी ही आमची म्हैस. बघितलं तर डावी कूस ढोलासारखी फुगलेली. पहिल्या पावसानंतरचं कोवळं लुसलुशीत गवत भरपेट खाल्लं की अशी पोटफुगी होते. पोटात वायू कोंडतो, छातीवर दाब येतो आणि वेळ गेला तर जनावर तासाभरातही दगावू शकतं. १९६२ या क्रमांकावर फोन केला, पशुवैद्यकीय गाडी आली, यमी वाचली. हा क्रमांक देशात अनेक राज्यांत चालतो. जनावर पाळणार असाल तर तो आधी मोबाइलमध्ये टाका.

चिकाचा आणि खरवसाचा धडा

हा विषय मराठी माणसाच्या जिभेशी निगडित आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाय व्यायली की पहिल्या दोन-तीन दिवसांचं दाट पिवळसर दूध म्हणजे चीक. आपल्याकडे चीक म्हटलं की वेलची, जायफळ, गूळ आणि खरवस. इंदूर काय, पुणे काय, गाय व्यायल्याची बातमी गेली की डबे यायला लागतात.

आता वासराची बाजू बघा. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतात. गाय, म्हैस, शेळी यांच्यात ती वारेतून पुढे जात नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा रोगांपुढे अगदी उघडं असतं. त्याला जे काही संरक्षण मिळायचं ते फक्त चिकातून. ते शोषून घेण्याची आतड्याची ताकदही तासातासाने कमी होत जाते आणि साधारण चोवीस तासांत संपते. म्हणून पहिल्या एका तासात पहिला चीक पोटात गेला पाहिजे आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश. पंचवीस किलोचं वासरू असेल तर अडीच लिटर.

बऱ्याच ठिकाणी अशी समजूत आहे की वार पडल्याशिवाय वासराला पाजू नये. वार पडायला कधी सहा-आठ तास लागतात. तेवढा वेळ म्हणजे वासराच्या संरक्षणातला मोठा हिस्सा गेला. उलट वासरू चोखायला लागलं की गायीच्या शरीरात जे बदल होतात त्याने वार पडायला मदतच होते.

आमच्या घरचा नियम पत्नीने केला. पहिल्या दिवसाच्या चिकाला घरातल्या कोणी हात लावायचा नाही. वासराचं पोट भरून उरलं तर एका बाटलीत भरून फ्रीझरमध्ये ठेवायचं, म्हणजे पुढे एखादी गाय वितानाच आजारी पडली तर तिच्या वासराला उपयोगी पडेल. खरवस तिसऱ्या दिवशीच्या उरलेल्या चिकाचा. तो थोडा कमी घट्ट होतो, त्याला मी काय करणार? इंदूरचे मेव्हणे कुरकुर करतात, पण डबा चाटूनपुसून परत येतो.

दयाबुद्धीचा धडा

गुरांना माणसांच्या चांगुलपणाचाही त्रास होतो. गावात लग्न झालं की उरलेला भात, पुऱ्या, बुंदी गायीपुढे टाकतात. पुण्य मिळेल या भावनेने टाकतात. गायीचं पोट चाऱ्यासाठी घडलेलं आहे. एकदम इतकं पिष्टमय अन्न गेलं की पोटात आम्ल वाढतं, गाय सुस्त होते, खाणं सोडते आणि प्रमाण जास्त असेल तर मरते. आम्ही गेटवर पाटी लावली आहे: "गायीला नैवेद्य द्यायचा तर मूठभर हिरवा चारा द्या, तो आतच ठेवलेला आहे." लोक आनंदाने देतात. श्रद्धेला नाही म्हणायचं नसतं, तिला रस्ता दाखवायचा असतो.

आणखी एक लहानशी गोष्ट. धार काढल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं राहतं. त्या वेळात गाय शेणात बसली तर जंतू आत शिरतात आणि कासदाह होतो. म्हणून ताजा चारा धारेच्या आधी न टाकता नंतर टाकायचा. खाण्यासाठी ती आपोआप उभी राहते. याला एक पैसा खर्च नाही.

२०२२ चा पावसाळा

आता थोडं जड सांगतो.

२०२२ साली लंपी त्वचारोग राजस्थान-गुजरातेतून आमच्या पश्चिम मध्य प्रदेशात आला. महाराष्ट्रातही त्याच सुमाराला पसरला, तुमच्यापैकी अनेकांच्या गावांनी तो सोसला आहे. हा विषाणू माश्या, डास आणि गोचिडांवाटे पसरतो. अंगभर गाठी येतात, ताप येतो, पाय सुजतात, डोळे गळतात. माणसाला तो होत नाही. म्हशींना क्वचित होतो. गायींना, आणि त्यातही वासरांना, तो फार त्रास देतो.

तेव्हा गायींना शेळ्यांच्या देवीची लस दिली जात होती, कारण दोन्ही विषाणू जवळचे नातलग. ती चार महिन्यांच्या वरच्या जनावरांनाच देत. आमच्या मोठ्या गायींना ती दिली. चांदणीची कालवड सोनी अडीच महिन्यांची होती.

मुलाच्या कंपनीने त्याच महिन्यात सगळ्यांना परत ऑफिसात बोलावलं होतं. सप्टेंबरअखेर कळवायचं होतं. घरात त्यावर रोज चर्चा चालायची. मग एका सकाळी सोनीच्या मानेवर चार गाठी दिसल्या आणि ती चर्चा थांबली.

तिला दूर, आंब्याखाली वेगळं बांधलं आणि तिच्यावर जुनी मच्छरदाणी ताणली. तिचं करणाऱ्याने इतर जनावरांत जायचं नाही, कपडे बदलायचे, हात धुवायचे. ते काम मुलाने घेतलं. रोज संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर, गाठी फुटल्या की जखमा धुणं, डॉक्टरांनी सांगितलेली औषधं, दूध बाटलीने. बाहेरच्या कोणाला आम्ही शेतावर येऊ दिलं नाही आणि आम्हीही कोणाच्या गोठ्यात गेलो नाही. बा रोज बांधापलीकडे उभे राहून विचारायचे, "आज खाल्लं का?" बरेच दिवस त्यांच्या-आमच्यात एवढंच बोलणं होतं.

अकराव्या रात्री सोनी गेली. मुलगा तिच्याजवळच होता. सकाळी आम्ही दोघांनी जेसीबीवाल्याकडून खोल खड्डा काढून घेतला, चुना टाकला आणि तिला पुरलं. चांदणी आठवडाभर त्या आंब्याकडे तोंड करून हंबरत होती. बाकीच्या गायी वाचल्या.

मुलाने महिनाअखेर कंपनीला नाही म्हणून कळवलं. मी कारण विचारलं नाही. नंतर एकदा तोच म्हणाला, "बाबा, ऑफिसात माझ्या जागी दुसरा माणूस दोन दिवसांत येतो. इथे त्या अकरा रात्री माझ्या जागी कोण बसलं असतं?"

हिशेबाचा धडा

आता पैशांचं बोलू, कारण व्हिडिओंमध्ये ते अर्धवट बोललं जातं. दुधाच्या धंद्यात खर्चाचा सर्वांत मोठा भाग, साधारण दोन तृतीयांश, चारा आणि पेंडीवर जातो. स्वतःच्या जमिनीत चारा नसेल तर दोन-चार जनावरांचं गणित जुळणं अवघड. आम्ही मक्याचा मुरघास करतो. दाणा दुधाळ असताना मका कापायचा, बारीक कुट्टी करायची, हवा राहणार नाही अशी दाबून बंद करायची आणि दीड महिन्याने उघडायची. उन्हाळ्यात तो हात देतो.

आमच्या घरात माझं पेन्शन आहे आणि सूनबाई अजून घरून अर्धवेळ काम करते, तिचा पगार आहे. हे लपवून "नोकरी सोडा, गायी घ्या" असं मी कोणाला सांगणार नाही. जनावरांनी आपला खर्च काढून वर थोडं द्यायला आम्हाला चौथं वर्ष लागलं.

हिशेबात एक ओळ मात्र आम्ही कधी वगळत नाही. गायीला प्रतिजैविक दिलं की औषधाच्या वेष्टनावर लिहिलेल्या दिवसांपर्यंत तिचं दूध विकायचं नाही. ते दूध बादलीभर असलं तरी ओतून द्यायचं. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ मोजतात, आमचं औषध तिथे कोणाला दिसणार नाही हे आम्हाला माहीत आहे. पण ते दूध कुठल्या तरी लहान मुलाच्या पेल्यात जाणार, हेही माहीत आहे.

कोंबड्यांचं थोडक्यात सांगतो. कडकनाथ हा आमच्या शेजारच्या झाबुआचा पक्षी. त्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं मांसच नव्हे, हाडंही काळसर. पण कडकनाथ मादी अंड्यांवर नीट बसत नाही. म्हणून साध्या गावरान कोंबड्या पाळाव्या लागतात. त्या खुडूक झाल्या की त्यांच्याखाली कडकनाथची अंडी ठेवायची, एकविसाव्या दिवशी काळी पिल्लं बाहेर येतात आणि ती गावरान आई त्यांना पोटच्यासारखी पंखाखाली घेते. एक लस चुकवायची नाही, ती राणीखेतची. कुमाऊँ रेजिमेंटच्या केंद्रामुळे आम्ही फौजी ज्या गावाला मानाने ओळखतो, त्याचं नाव कोंबड्यांच्या रोगाला मिळालं आहे!

बिस्किटाचा प्रश्न

शेवटचा धडा नातीने दिला.

शेळी साधारण पाच महिन्यांनी विते आणि बऱ्याचदा जुळी देते. पाटी आपण ठेवतो. बोकडांचं काय? कळपाला एक चांगला बोकड पुरतो, बाकीचे विकावे लागतात. शेळीपालनाचं उत्पन्न तिथेच आहे. आम्ही गिऱ्हाईक शेतावरच बोलावतो आणि अंदाजाने न विकता काट्यावर वजन करून विकतो.

नातीचा एक लाडका बोकड होता, बिस्किट. तो नऊ महिन्यांचा झाला आणि विकला गेला. ती तेव्हा सात वर्षांची. शाळेतून आल्यावर तिने विचारलं, "बिस्किट कुठे आहे?" तो दुसऱ्या शेतावर राहायला गेला असं सांगणं सोपं होतं. सूनबाईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, खरं सांगा तिला."

मी तिला बसवून सांगितलं की बिस्किट विकला, तो मांसासाठी गेला, आणि त्या पैशातून बाकीच्यांचा चारा येतो, औषध येतं. तिने विचारलं, "त्याला कळलं होतं?" मी म्हणालो, "मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो. पहाटे गारव्यात गाडी आली होती. त्याच्याबरोबर त्याचा भाऊ होता. गाडीत पाणी ठेवलं होतं, पाय बांधले नव्हते. गाडी सुटेपर्यंत मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सकाळच्या फेरीलाही आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. मी तिला म्हटलं, "बोकडांना आता नावं ठेवायला नकोत, म्हणजे त्रास होणार नाही." ती म्हणाली, "नाव नसलं तर हाक कशी मारायची?" आजही आमच्या प्रत्येक करडाला नाव असतं. ते ती ठेवते, आणि कोण जाणार आहे हे तिला आधी सांगितलेलं असतं.

गायीच्या गोऱ्ह्यांचा प्रश्न वेगळा. मध्य प्रदेशात गोवंश हत्येला बंदी आहे आणि ट्रॅक्टर आल्यापासून बैलाला मागणी घटली. रस्त्यावर मोकाट फिरणारी जी गुरं तुम्ही बघता, त्यांतली पुष्कळ अशीच कोणीतरी सोडलेली असतात. माळवी बैल कष्टाला चिवट, म्हणून लहान जमिनीच्या दोन शेतकऱ्यांना आम्ही आमचे गोऱ्हे दिले. शिवाय आता लिंगनिर्धारित रेतन मिळतं, त्यातून सुमारे नव्वद टक्के कालवडी जन्मतात. एक गोऱ्हा आमच्याचकडे आहे आणि राहील. भाकड झालेल्या चांदणीलाही आम्ही काढणार नाही. तिच्या चाऱ्याचा खर्च वहीत वेगळ्या पानावर लिहितो, म्हणजे आपण काय करतो आहोत ते डोळ्यांसमोर राहतं.

तर मित्रहो, तुम्हाला हे करायचं असेल तर जमीन घेण्याआधी एखाद्या गोठ्यावर महिनाभर राहा, तोही पावसाळ्यातला. मग दोन शेळ्यांपासून सुरुवात करा. घरातल्या प्रत्येकाला, लहानांनाही, आधी सांगा की यात जन्म आहे, आजार आहे, विक्री आहे आणि मरणही आहे. हे सगळं ऐकून ज्यांचा होकार येईल, त्यांनाच बरोबर घ्या. आणि जवळ एखादे बा शोधा. ते प्रत्येक गावात असतात, त्यांना विचारणारं कोणी उरलेलं नसतं.

आता संध्याकाळच्या धारेची वेळ झाली, मला उठायला हवं. जय हिंद.